कापसाच्या खोलीतली गिटार

गिटार आमच्या घरी आली ती माझ्या मांडीवर बसून. भाऊबीजेला माय आणि मी अमरावतीला मामाकडे गेलो होतो. मामा नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात कामाला होता, आणि त्याच्या पोरानं रडून-रडून घेतलेली ही गिटार दोन महिन्यांतच कपाटावर जाऊन पडली होती. येता-जाता माझी नजर तिच्यावर जायची. निघायच्या दिवशी मामीनं स्टुलावर चढून ती खाली काढली आणि सरळ माझ्या हातात कोंबली. "घेऊन जाय वं बाप्पा हे डबडं. धूळ पुसू पुसू हात दुखले माहे." मामाच्या पोरानं मोबाइलमधून मान वर काढून पाहिलंसुद्धा नाही. गिटारीला पिशवी नव्हती, म्हणून मायनं ती आपल्या जुन्या साडीत गुंडाळली. अकोल्याच्या एसटीत कंडक्टर आला आणि म्हणाला, "बाई, लेकराचं तोंड तं उघडं ठेवा, जीव गुदमरंन त्याचा." मी साडी बाजूला केली. वर गिटारीच्या खुंट्या! तो म्हणाला, "हे काय व्हय? सतार?" मी म्हटलं, "गिटार व्हय." "वाजोता येते का तुले?" "नाई." "मंग कायले नेऊन राहिली?" सगळी गाडी हसली. माय पण तोंडाला पदर लावून हसली. मला इतका राग आला की अकोला येईस्तोवर मी कुणाशी बोलले नाही, आणि तेव्हाच ठरवलं की आता काही झालं तरी ही शिकायचीच. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा गोष्टी मी अशा रागापायीच शिकले आहे.

आमचं गाव हिवरखेडच्या अलीकडचं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, अजून ओळखीची माणसं आहेत तिथे. घर तीन खोल्यांचं, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. समोर ओसरी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकाची खोली. आम्ही अमरावतीहून परतलो तोवर पहिल्या वेच्याचा कापूस घरात यायला लागला होता. कापूस घरात म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं दोन-चार पोती असतील कोपऱ्यात. आमच्याकडे कापसाला खोली द्यावी लागते. मधल्या खोलीतला पलंग आणि टीव्ही बाहेर ओसरीत आले, कपडे दोरीवर गेले, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळा कापूस ओतायला सुरुवात झाली. रोज संध्याकाळी नवा कापूस आला की मी त्यावर चढून तुडवायची, म्हणजे आणखी मावतो. आधी तो खिडकीच्या खाली होता, दुसऱ्या वेच्यानंतर खिडकी बुजली, संक्रांतीपर्यंत पंख्याच्या पात्या त्याला टेकल्या. ओसरीतून चुलीकडे जायला मध्ये एक बोळ तेवढी ठेवली होती, एका माणसापुरती. दोन्ही बाजूंनी फळ्या लावलेल्या, आणि फळ्यांच्या फटींतून कापूस डोकावणारा. मायला त्या बोळीतून दिवसातून शंभरदा तरी जावं लागे. पाणी आण, भाकर वाढ, चहा दे, सगळं त्या बोळीतून.

बाबांनी कापूस का ठेवला होता, तेही सांगते. आदल्या वर्षी त्यांनी तो दिवाळीतच विकून टाकला होता, आणि संक्रांतीनंतर भाव चढला. तेवढ्यावरून गावच्या हॉटेलात वर्षभर त्यांची थट्टा झाली. बाबा चहा प्यायला गेले की कुणीतरी म्हणायचंच, "या, पयल्या नंबरानं इकणारे आले!" माझा बाप शांत माणूस, पण त्याच्या मनाला ते लागलं. यंदा भाव आल्याशिवाय बोंडसुद्धा घराबाहेर जाणार नाही, असं ते सगळ्यांदेखत बोलून बसले. गावात तेव्हा घराघरात हेच चाललं होतं. शेतीचे ते दिवसच तसे होते. माणूस कापसाकडे बघायचा आणि कापूस माणसाकडे. मी बारावीला होते. भाव आला की मला अमरावतीला कॉलेजात घालायचं, होस्टेलवर ठेवायचं, असं मायनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं, बाबांना तर फक्त कळवलं होतं.

भाव पाहण्यासाठी म्हणूनच बाबांनी टचचा मोबाइल घेतला होता. रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून, चष्मा नाकावर घेऊन ते कापसाच्या भावाचा ग्रुप उघडायचे आणि मोठ्यानं वाचायचे. त्यात आधी शेपन्नास सुप्रभात असायचे, कमळं, सूर्य, हात जोडलेले. त्यांच्या खाली भाव. "आज बी तेवढाच," म्हणायचे, किंवा "आज तं पडला बाप्पा." मग मोबाइल चार्जिंगला लावून वावरात जायचे. फवारणीच्या टाकीत पडेल म्हणून सोबत नेत नसत. ते गेले की मोबाइल माझा. नेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं, पण आमच्या घरात ते यायचं नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तरच यायचं, तेही लहर लागली तर. तिथे उन्हात उभी राहून मी पहिल्यांदा शोधलं, की गिटार कशी शिकतात.

शिकवणारे एक सर सापडले. देहरादूनकडचे होते, मागच्या खिडकीत हिरवे डोंगर दिसायचे. कपाळावर आलेली झुलपं मागे सारत हिंदीत बोलायचे आणि दर दोन वाक्यांनी "दोस्तो" म्हणायचे. मला तो माणूस फार आवडला. आजवर कुणी मला इतक्या वेळा दोस्त म्हटलं नव्हतं. अडचण एवढीच होती, की धडा स्लॅबवर आणि गिटार खाली. स्लॅबवर वाजवायची सोयच नव्हती. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळवणाऱ्या बाया होत्या, आणि "पाटलाची पोट्टी ऑर्केस्ट्रात चालली" हे गावभर व्हायला अर्धा तास पुरला असता. ओसरीत बाबांकडे येणारे-जाणारे. मग उरली ती कापसाची खोली. बोळीच्या तोंडाशी, फळीच्या मागे, कापूस थोडा खाली दाबून मी एक खळगा केला, मांडी घालून बसण्यापुरता. स्लॅबवर धडा पाहायचा, बोटांची जागा पाठ करायची, तोंडानं पुटपुटत जिना उतरायचा आणि त्या खळग्यात बसून वाजवायचं. खाली पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असायचं. पुन्हा वर. शेजारची काकू मायला म्हणाली, "तुह्या पोट्टीच्या पोटात बिघाड हाय का वं? सारखी जिन्यानं पयते."

कापसाच्या खोलीची एक गंमत होती. ती आवाज खाऊन टाकायची. तिथे मोठ्यानं हाक मारली तरी ती तोंडापुढेच विरायची. ओसरीतला रेडिओ, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, काही म्हणजे काही आत यायचं नाही. माझी गिटार तिथे टिचक्या मारल्यासारखी वाजायची, टप् टप्. सर म्हणत, हळू हात फिरवा, पक्ष्याच्या पिसासारखा. आणि मला वाटे, याच्या खोलीत कापूस नाही म्हणून याला सुचतंय. मी तारांवर असा हात मारायची की पहिल्या महिन्यातच दोन तारा तुटल्या. अकोल्याला जाणाऱ्या एका भाऊजींकरवी नव्या मागवल्या तर त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार आणून दिली. आजही माझा हात जड आहे. गिटार वाजवणारी माझी पुतणी मला सांगते, "काकू, तू भांडल्यासारखी वाजवतेस." मी मोठी वादक वगैरे काही झाले नाही. एफ नावाचा एक कॉर्ड आहे, त्यात पहिल्या बोटानं सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. तो मला अजूनही धड लागत नाही. पण डाव्या हाताची बोटं सोलली, मग त्यांना घट्टे पडले, आणि एक दिवस तीन कॉर्ड एकामागे एक न अडखळता आले, तो आनंद मी सांगू शकत नाही. मी त्या कापसावर पाठ टाकून पडले आणि एकटीच हसले.

घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. होळी जवळ आली तसं ऊन वाढलं आणि सगळं घर खाजवायला लागलं. माय कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळीला द्यायची. बाबा ओसरीच्या खांबाला पाठ घासायचे, म्हशीसारखे, आणि माय त्यांना हसायची. तिचं स्वतःचं मात्र वेगळंच चाललं होतं. पाण्याचा गुंड उचलून आणला की ती उंबऱ्यावर टेकायची. बोलताना वाक्य मध्येच सोडायची. विचारलं तर म्हणायची, "सर्दी हाय." एवढ्या उन्हाळ्यात कसली सर्दी! त्या दिवसांत आमच्या घरी रोज ठेचा व्हायचा. सकाळी भाकरीसोबत ठेचा, रात्री वरणासोबत ठेचा. तव्यावर हिरव्या मिरच्या तेलात पडल्या की आम्ही तिघंही ठसकायचो, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बाबा ओसरीतून ओरडायचे, "जीव घेतं का आता मिरच्याईनं?" माय चुलीपाशी खोकत-खोकत हसायची. मला वाटायचं, हिला यंदा ठेच्याचे डोहाळे लागले आहेत.

सरांनी एका धड्यात सांगितलं, की दोस्तो, वाजवताना आपल्याला आपली चूक ऐकू येत नाही. हात कामात असतो, कान रिकामा नसतो. म्हणून रोज स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि नंतर निवांत ऐका. मला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी मोबाइल कापसात उभा खोचला, लाल बटण दाबलं आणि एफ घेऊन बसले. दहा-बारा वेळा वाजवलं असेल-नसेल तेवढ्यात कापसातूनही कानी येईल एवढा गलका रस्त्यावरून झाला, "नळ आले! नळ आले!" आमच्या गावात नळ आठवड्या-दीड आठवड्यानं यायचा. नळ आला की माणूस मयतीवरूनसुद्धा उठून पळतो. मी गिटार टाकली आणि गुंड घेऊन धावले. माय म्हणाली, "तू हो पुढं, मी चुलीवरचं उतरोतो अन् येतो." ती आलीच नाही. मी एकटीनं भांडत-भांडत पाणी भरलं, घरी आल्यावर तिच्यावर चिडले, आणि मोबाइल कापसातच राहिला. त्याची आठवण दिवस कलताना झाली. तो काढून मी स्लॅबवर गेले आणि टाकीला टेकून माझा एफ ऐकायला लागले.

एफ भयंकर होता. त्यावर लोकांचा गलका अगदी बारीक, मग माझी पावलं, मग काहीच नाही. मी बंद करणारच होते, तेवढ्यात फळी सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी आत येऊन बसलं, अगदी मोबाइलजवळ. आणि मग ते माणूस खोकायला लागलं. तसा खोकला मी आधी ऐकला नव्हता. ठसका नव्हे. खोल, ओला, आतून काहीतरी फाडत येणारा, एकाला लागून दुसरा. मध्ये श्वास घ्यायची धडपड, आणि त्या श्वासात शिट्टी. चुलीत ओलं लाकूड घातलं की ते जसं सुईंऽ करतं, तशी. किती तरी वेळ ते चाललं. मग थांबलं, आणि माझी माय हळूच, दमलेल्या आवाजात म्हणाली, "थांब नं वं माय. थोडकेच दिवस. भाव येऊ दे." ती आपल्या छातीशी बोलत होती. मला आधी कळलंच नाही की ती तिथे कशाला येऊन बसली. मग कळलं. मी ज्यासाठी बसायची, त्याचसाठी. त्या खोलीतलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही म्हणून. ज्या कापसानं छाती भरली होती, त्याच कापसात तोंड खुपसून ती खोकत होती, माझ्या खळग्यात बसून. आणि ठेचाही मला कळला. सगळेच ठसकले की एकीचा खोकला निवडून कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी बाबा वावरात गेल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं. मी मोबाइल लावला. तिनं पहिल्या खोकल्यालाच ओळखलं आणि भाकर थापायची थांबली. "बंद कर," म्हणाली. मी बंद केला. "मिटोता येते का ते?" "येते." "मंग मिटव." मी म्हटलं, "माय, अकोल्याले जाऊ ना दवाखान्यात. बाबाले सांगतो मी." तशी ती अशी उसळली की हातावरची भाकर परातीत पडली. "बाबाले काय सांगतं? त्यायले सांगतलं तं ते आजच्या आज कापूस काढतीन. मातीमोल जाईन. लोक पुन्हा हसतीन त्यायले. अन् तुहं अमरावती? सारी जिनगानी तुले बी हेच बोळ पायाचं हाय का?" मी म्हटलं, नको मला अमरावती. ती म्हणाली, "तुले कोनी इचारलं?" आणि पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. "तुले माही आन हाय वैशू. बाबाले एक शब्द सांगशील तं माहं मेलेलं तोंड पायशील." आमच्याकडे आन घालतात ती गंमत म्हणून नव्हे. मोठीमोठी माणसं आनेपायी वर्षानुवर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. मी सतरा वर्षांची होते आणि मला खरोखर वाटलं, की मी बोलले तर ही मरेल आणि नाही बोलले तरी ही मरेल.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रेकॉर्डिंग मात्र मी पुसलं नाही. गिटारीला हात लावावासा वाटेना. नुसती कान लावून हिंडायची. आणि एकदा कान लागला, की सगळीकडे ऐकू यायला लागलं. ती झाडताना, ती निजलेली असताना, भांडी घासता-घासता मध्येच थांबली की. बाबा समोर बसलेले असायचे आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. त्यांना मी मनातल्या मनात काय-काय शिव्या दिल्या! आज मात्र मी त्यांना दोष देत नाही. एवढी लपवलेली गोष्ट कुणाला दिसते?

जब्बारभाई आमच्याकडचा खेडा खरेदीचा व्यापारी. मेटॅडोर आणि काटा घेऊन गावोगाव फिरायचा. बाबांचा जुना दोस्त, बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं वऱ्हाडीत. होळीनंतर चार दिवसांनी सकाळी तो ओसरीत चहा घेत बसला होता. माय नदीवर धुणं घेऊन गेली होती. जब्बारभाई म्हणाला, "भाऊ, आज का भाव मेरे हात में है, कल का अल्ला जाने. इकून टाका नं." बाबांनी मोबाइल पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "नाई जब्बार. यंदा थांबतो. अजून दम हाय माह्यात." तो दम शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी बाबांच्या हातातून मोबाइल घेतला. ते म्हणाले, "काय वं?" बोलायचं नव्हतंच मला. मी रेकॉर्डिंग पुढे सरकवलं, आवाज मोठा केला आणि मोबाइल दोघांच्या मध्ये, चहाच्या कपाजवळ ठेवला.

खोकला सुरू झाला. बाबा कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. त्यांना वाटलं, ग्रुपवर आलेलं काहीतरी आहे. थोड्या वेळानं म्हणाले, "अरे बाप रे! कोन म्हातारी व्हय हे? जाते वाटते बिचारी." जब्बारभाई माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्यानं कप खाली ठेवला. मी उभी होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बाबांनी पुन्हा विचारलं, "कोनाची म्हातारी व्हय वं, वैशू?" आणि मग मोबाइलमधून तो आवाज आला. थांब नं वं माय. थोडकेच दिवस. भाव येऊ दे.

माझ्या बापाचं तोंड मी त्या क्षणी पाहिलं, ते मी लिहिणार नाही. वीस वर्षं ज्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, तिला ते म्हातारी म्हणाले होते, अनोळखी. जब्बारभाई उठला, "गाडी को धूप लग रही है," असं काहीतरी पुटपुटत अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बाबा मोबाइलकडे पाहत बसले. तो केव्हाच बंद झाला होता. मग ते उठले, मधल्या खोलीची एक फळी दोन्ही हातांनी उपटून बाजूला टाकली आणि ओरडले, "जब्बार, गाडी मांगं लाव." जब्बारभाईनं त्या दिवशी भावावरून एक शब्द घासाघीस केली नाही. पण बाजारात जो भाव होता तो होता, त्याला तो तरी काय करणार?

माय धुण्याची बादली घेऊन आली तेव्हा अर्धी खोली मेटॅडोरमध्ये गेली होती. ती दारात आडवी उभी राहिली. "कोनाले इचारून काढून राहिले?" बाबा म्हणाले, "बाजूले हो, वैशूची माय." "भाव येऊ द्या म्हणतो नं मी!" "भाव गेला खड्ड्यात." आमच्या घरात बाबा मायवर कधी असे ओरडले नव्हते. ती दचकली, आणि मग सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. "माही आन होती तुले." मी म्हटलं, "म्या सांगतलं नाई माय. म्या फक्त ऐकोलं." तिनं बादली माझ्या अंगावर फेकायची तेवढी बाकी ठेवली. आत जाऊन दार लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. अकोल्याच्या दवाखान्यात मी तिला धरून जिना चढवला, तेव्हाही ती बोलली नाही. तिथल्या डॉक्टरनं तिला एका नळीत फुंकायला लावलं. ती फुंकत होती आणि यंत्रावरची रेघ जागची हलत नव्हती. ते म्हणाले, दमा आहे, बराच जुना झालाय, कापसाच्या बारीक धुळीनं आणि चुलीच्या धुरानं छाती आतून आखडली आहे. आता पूर्ण बरी होणार नाही, पंप कायमचा. आणखी एक उन्हाळा त्या खोलीत काढला असता तर तुम्ही माझ्याकडे आला नसता, हेही म्हणाले. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "तिले खोकताना दुखत असंन का जी?"

गुढीपाडवा झाला आणि भाव चढला. असा चढला की गावात दोघांनी पेढे वाटले. बाबा हॉटेलात गेले तर पुन्हा तेच, "या, यंदा बी पयलाच नंबर!" ते हसले म्हणे. का विकला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझं अमरावती गेलं ते गेलंच. मी अकोल्याला शिकले, रोज एसटीनं जाऊन-येऊन, आणि पुढे लग्न होऊन अकोल्यातच जठारपेठेत आले ती आजवर इथेच आहे. त्याचं मला वाईट वाटतं का, असं कुणीकुणी विचारतं. वाटतं. खोटं कशाला बोलू? पण तेव्हा काय केलं असतं, असं विचारलं तर तेच केलं असतं.

पेढे आले त्या संध्याकाळची गोष्ट. मधली खोली रिकामी होती, पलंग-टीव्ही अजून आत गेले नव्हते. मी किती तरी दिवसांनी गिटार घेऊन तिथे बसले होते. पहिलाच हात मारला आणि भिंती दणाणल्या. मी घाबरून तारांवर तळवा ठेवला. एवढा आवाज त्या लाकडात होता, हे मला माहीतच नव्हतं. ओसरीत बाबा आणि माय बसले होते. माय पेढ्याच्या कागदाकडे पाहत म्हणाली, "पंधरा दिवस. पंधरा दिवस थांबले असते तं काय झालं असतं?" मला वाटलं, आता भांडण होणार. आणि बोलता-बोलता तिला उबळ आली. ती सवयीनं उठली, तोंडाला पदर लावला आणि मागच्या अंगणाकडे निघाली. रिकाम्या बोळीच्या तोंडाशी बाबांनी तिचा हात धरला. माझ्या देखत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

"कुठी चालली?" ते म्हणाले.

तिनं मागच्या दाराकडे बोट केलं. बोलता येत नव्हतं तिला.

"बस इथं. इथंच खोकल."

ती मान हलवत राहिली. कसंबसं म्हणाली, "लोक ऐकतीन..."

"ऐकू दे. मले ऐकाचं हाय."

त्यांनी तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसले, कान तिच्याकडे करून. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तोंडावरचा पदर काढला. माय खोकली. घरभर, रस्त्याभर ऐकू जाईल एवढ्यानं खोकली, आणि खोकता-खोकता रडायला लागली. बाबांनी शेवटपर्यंत हात सोडला नाही.